ऑनलाइन अमली पदार्थांचा बाजार भाषेनुसार कसा बदलतो? सीमाभागातल्या पालकांना काय सांगावं?

निपाणी_वाचक
निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या कॉलेजांत पालकांसाठी सत्रं घ्यायची आहेत. हाताशी असलेलं सगळं साहित्य अमेरिकेवर बेतलेलं आहे: डार्कनेट (खास ब्राउझरनेच उघडणारा इंटरनेटचा लपलेला भाग), बिटकॉइन, पोस्टानं आलेलं पाकीट. आपल्याकडे हे कितपत लागू पडतं? आणि पोरगं कोल्हापूरला होस्टेलवर, आईबाप निपाणीत, तर तक्रार कुठं द्यायची?

धारवाड_सायबर
ताई, सगळ्यात मोठा फरक पडतो तो माल हाती पोचवण्यात. २०११ ते २०१३ चालू असलेला सिल्क रोड हा डार्कनेटवरचा ड्रग्ज बाजार इंग्रजीत होता आणि त्याची सगळी भिस्त टपालावर होती. त्यामुळे कस्टम कडक तिथं गणित बदलायचं. ऑस्ट्रेलियात माल पाठवायला बाहेरचे कित्येक विक्रेते तयार नसत आणि तिथले भावही चढे राहिले.

रशियन भाषेतल्या हायड्रा या डार्कनेट बाजारानं टपाल जवळजवळ टाळलंच. हस्तक शहरात माल आधीच लपवून ठेवायचे आणि पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाला फक्त जागा कळायची. विकणारा, लपवणारा, घेणारा एकाच भाषेतले, म्हणून हे जमलं. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन पोलिसांनी सर्व्हर जप्त केले तेव्हा त्यावर सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहक खाती होती. फिनलंडचा सिपुलीमार्केट याच्या अगदी उलट, छोटा आणि देशांतर्गत. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कस्टम खात्यानं तो बंद पाडला.

हिंदी-मराठीत एवढा मोठा बाजार कधी उभा राहिला नाही. आपल्याकडे टेलिग्राम, इन्स्टाग्राम आणि कुरिअर, आणि मजकूर रोमन लिपीत हिंदी-इंग्रजी मिसळून. म्हणून मुलाच्या फोनमध्ये देवनागरी शब्द शोधण्यात वेळ घालवू नका.

वकील_खानापूर
वरचं बरोबर आहे, पण ‘डार्कनेट आपल्याकडे नाहीच’ असा अर्थ कुणी काढू नये. जून २०२३ मध्ये एनसीबीनं (केंद्राचं अमली पदार्थ नियंत्रण खातं) डार्कनेटवरच्या टोळीकडून सुमारे १५,००० एलएसडी ब्लॉट (भ्रम निर्माण करणाऱ्या ड्रगचे कागदी तुकडे) पकडले होते.

पालकांना आकडे सांगा, त्यांनी डोळे उघडतात. एनडीपीएस १९८५ हा अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा कायदा, त्यामुळे मोजमाप कोल्हापुरात तेच आणि बेळगावातही तेच. अल्प मात्रेची मर्यादा: गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, एमडीएमए (पार्ट्यांतल्या ‘एक्स्टसी’ गोळ्यांतलं ड्रग) अर्धा ग्रॅम. गांजाच्या किलोवरून गोळ्यांचा अंदाज बांधला की घात होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट पूर्ण वजन धरलं जातं. एमडीएमएची गोळी ०.३ ग्रॅमची असेल तर दोन गोळ्यांतच मर्यादा ओलांडली. अल्प मात्रेला कमाल १ वर्ष शिक्षा, त्यावर १० वर्षांपर्यंत. आणि एमडीएमए १० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी मात्रा, म्हणजे किमान १० वर्षं, जामीनही फार अवघड. ‘मित्रासाठी फक्त पार्सल घेतलं’ हा बचाव सहज टिकत नाही, कारण माल ताब्यात सापडला की उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते.

धारवाड_सायबर
फसवणुकीचंही सांगाच. ‘तुमच्या नावच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, व्हिडिओ कॉलवरच थांबा’ असा फोन आला तर तो ठगाचा. ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

खरंच अनोळखी पार्सल आलं तर फोडू नका, संडासात ओतू नका, फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. पाकिटावरच्या ट्रॅकिंग नंबरचा फोटो काढून ठेवा आणि १९३३ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनला कळवा. मूल बेशुद्ध, श्वास मंद, ओठ निळसर दिसले तर बाकी सगळं सोडून आधी १०८, आणि त्याला कुशीवर वळवा.

वकील_खानापूर
तक्रारीचं: सायबर आणि अमली पदार्थांचे गुन्हे कुठल्या ठाण्यात घेतात हे कर्नाटकात आणि महाराष्ट्रात वेगळं असू शकतं. पण झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, म्हणून ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर घेऊन परतू नका.

मूल स्वतः वापरत असेल तर एनडीपीएसचं कलम ६४अ समजून घ्या. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि त्यानं स्वेच्छेनं सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केले तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. बेळगावहून धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था जवळ. आधी बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन.

तोंडी तक्रार कन्नडमध्ये उतरवली तर सहीआधी ती वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मराठीत समजावून द्यायला सांगा, मगच सही करा आणि एफआयआरची प्रत घेऊनच निघा. ती मोफत मिळते.