मदत हवी आहे: खालची अक्कलदाढ नसेला लागून आहे आणि मी बासरीवादक आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला राहतो. वय २९ वर्षे. बासरी वाजवणे आणि शिकवणे यावर माझा चरितार्थ चालतो, आणि पुढचा प्रश्न नेमका त्यामुळेच अवघड होऊन बसला आहे.

उजव्या बाजूची खालची अक्कलदाढ पुढच्या दाढेवर तिरकी रेलून अर्धवट बाहेर आलेली आहे. तिच्या मागच्या भागावर हिरडीची एक घडी राहिली आहे. त्या घडीखाली अन्नकण अडकून या पावसाळ्यापासून दोनदा सूज आली. दुसऱ्या खेपेस तोंडात जेमतेम एक बोट जाईल इतकाच जबडा उघडत होता, गिळताना कानापर्यंत कळ जात होती आणि वरची अक्कलदाढ त्याच सुजलेल्या हिरडीवर आपटत असल्यामुळे तोंड मिटणेही नकोसे झाले होते. प्रतिजैविके आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी दोन्ही वेळा सूज ओसरली. डावीकडची खालची अक्कलदाढ मात्र पूर्णपणे हाडात आहे आणि तिने आजवर काहीही त्रास दिलेला नाही.

पहिल्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घेतला आणि चारही अक्कलदाढा पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी काढाव्यात असे सुचवले. त्यांच्या मते त्रास व्हायचा तो एकदाच होईल. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला आणि उजव्या दाढेच्या मुळाशी पेन टेकवून दाखवले की, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस ज्या नलिकेतून जाते तिची पांढरी रेघ तेथे तुटलेली दिसते आणि मुळाचा तेवढाच भाग काळसर झाला आहे. दाढ काढताना ही नस दुखावल्यास ओठ बधिर होऊ शकतो, असे ते म्हणाले. बासरी खालच्या ओठावरच टेकते आणि फुंकीचा कोन ओठाला जे जाणवते त्यावरून ठरतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय स्कॅन, करून घ्या आणि मॅक्सिलोफेशियल (जबडा व चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जनना भेटा, असा सल्ला दिला.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. दुखत नसलेल्या दाढा काढणे खरोखर आवश्यक असते का? ओठ बधिर होण्याची शक्यता किती आणि ती कमी करण्याचा काही मार्ग आहे का? आणि दाढ काढल्यानंतर बासरी पुन्हा ओठाला केव्हा लावता येते? दिवाळीनंतर कार्यक्रम सुरू होतात, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही. इंदुरात कोठे दाखवावे हेही कोणी सुचवल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद: लष्करकर

दुखत नाही त्या दाढेला हात लावू देऊ नका. आमच्या ग्वाल्हेरला माझ्या थोरल्या बंधूंच्या चारही अक्कलदाढा अजून तोंडात आहेत आणि ते सत्तरी ओलांडूनही ऊस सोलून खातात. दुखऱ्या दाढेवर लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा, आराम पडतो.

प्रतिसाद: कर्तरी

मी मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियांच्या क्षेत्रात काम करतो. तुमचे चित्र माझ्यासमोर नाही, तेव्हा हा उपचाराचा सल्ला न मानता डॉक्टरांशी बोलण्याची पूर्वतयारी समजावी.

आधी लष्करकरांच्या मुद्द्याविषयी. न दुखणाऱ्या दाढेबद्दल ते जे म्हणतात ते अगदीच चुकीचे नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० साली असे मार्गदर्शन दिले की ज्या अक्कलदाढेला रोग नाही ती केवळ अडकलेली आहे म्हणून सरसकट काढू नये. अमेरिकेत तरुण वयातच त्या काढून टाकण्याकडे कल अधिक आहे आणि त्यामागेही कारण आहे: वय वाढते तसे हाड घट्ट होते, मुळे पूर्ण बनतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. मात्र त्याच ब्रिटिश मार्गदर्शनात हेही स्पष्ट आहे की दाढेभोवतीच्या हिरडीला पहिल्यांदा सौम्य सूज आली तर थांबता येते. सूज पुन्हा आली तर ते दाढ काढण्याचे योग्य कारण ठरते. तुमची उजवी दाढ या दुसऱ्या प्रकारात मोडते. लवंगेच्या तेलाने कळ काही काळ दबते, पण हिरडीच्या घडीखालचे जंतू तेथेच राहतात, आणि तेल जास्त झाले तर हिरडी भाजते.

आता नसेविषयी. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस हनुवटीजवळ बाहेर पडून त्या बाजूच्या अर्ध्या खालच्या ओठाला, हनुवटीला आणि पुढच्या हिरडीला संवेदना देते. ती केवळ संवेदनेची वाहक आहे. ओठ हलवणारे स्नायू चेहऱ्याच्या निराळ्या नसेवर चालतात. म्हणून ही नस दुखावली तरी ओठ लुळा पडत नाही, फुंकीचा आकार तुम्हाला करता येतो. परंतु उजव्या अर्ध्या भागाला बासरीची कड नेमकी कोठे टेकली आहे हे नीट कळत नाही. सर्वसाधारण रुग्णाला ही गैरसोय वाटेल. तुमच्या बाबतीत ती उपजीविकेवर येणारी गोष्ट आहे आणि सर्जनना हे पहिल्याच भेटीत, संमतिपत्रावर सही करण्याच्या कितीतरी आधी, सांगायला हवे. जिभेच्या बाजूने जाणारी आणखी एक नस आहे. ती दुखावल्यास जिभेच्या त्या बाजूची संवेदना आणि चव यांवर परिणाम होतो.

खालच्या अक्कलदाढा काढल्यानंतर ओठाची कायमची बधिरता सरसकट पाहिल्यास शंभरात एकाहून कमी रुग्णांना येते. तात्पुरती बधिरता त्याहून अधिक जणांना येते आणि बहुतेकांची काही आठवडे ते काही महिने या काळात ओसरते. पण पांढरी रेघ तुटणे, मूळ काळसर दिसणे, नलिका त्या जागी वळणे किंवा अरुंद होणे ही मूळ नसेला लागून असल्याची लक्षणे मानली जातात, आणि ती दिसली की सरासरीचा आकडा तुमच्या उपयोगाचा राहत नाही. ओपीजी हे सपाट चित्र आहे. त्यात मूळ आणि नलिका एकमेकांवर पडलेली दिसतात, परंतु नस मुळाच्या गालाकडच्या अंगाला आहे की जिभेकडच्या, मध्ये हाडाचा पापुद्रा शिल्लक आहे की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. सीबीसीटी ते दाखवते. दुसऱ्या डॉक्टरांनी ती सुचवली हे योग्यच झाले.

सीबीसीटीत मूळ आणि नस खरोखर चिकटून असल्याचे दिसले तर कोरोनेक्टॉमी या पर्यायाविषयी विचारा. यात दाढेचा वरचा भाग तेवढा कापून काढतात, मुळे हाडाच्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर खाली राहतील इतकी घासतात आणि वरून हिरडी शिवतात. मुळांना न हलवल्यामुळे नसेला इजा होण्याची शक्यता बरीच घटते. मात्र दाढेची कीड आतपर्यंत गेली असेल, मुळांशी जंतुसंसर्ग असेल किंवा काम चालू असताना मुळे सैल झाली तर हा मार्ग बंद होतो आणि पूर्ण दाढच काढावी लागते. तेव्हा त्या शक्यतेला तुमची तयारी आहे का हे आधीच ठरवून ठेवावे. ठेवलेली मुळे काही रुग्णांत हळूहळू वर सरकतात आणि क्वचित ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, पण तोवर ती नसेपासून दूर आलेली असतात.

चारही दाढा एकदम काढण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याचा ओठ हेच साधन आहे त्याच्या दोन्ही बाजूंच्या नसांवर एकाच दिवशी जोखीम घेऊ नये, त्यातून डावी दाढ निरोगी असताना तर मुळीच नाही. डावीकडे ठरावीक काळाने तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे पुरे. त्यात दाढेभोवती गाठ तयार होत आहे का आणि पुढची दाढ मागच्या बाजूने किडत आहे का, हे पाहतात. उजवीकडची वरची दाढ हिरडीवर आपटते आहे, त्यामुळे ती त्याच वेळी काढण्यात अर्थ आहे. एका बाजूच्या कामाला पूर्ण भुलेची गरज बहुधा पडत नाही. तेवढाच भाग बधिर करून ते होते.

प्रतिसाद: स्नेहनगरची

मी इंदूरचीच. माझीही उजवी खालची दाढ अशीच आडवी होती आणि काढल्यानंतर ओठ बधिर राहिला होता, म्हणून लिहिते आहे.

भुलेचा अंमल संध्याकाळी उतरेल असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना उजव्या कोपऱ्यातून तो हनुवटीवर ओघळत होता आणि मला ते कळत नव्हते. सासूबाईंनी पदर पुढे केला तेव्हा लक्षात आले. सर्जननी लगेच बोलावून कापसाच्या टोकाने आणि बोथट सुईने ओठ व हनुवटी तपासली आणि बधिर भागाची सीमा कागदावर आखून ठेवली, म्हणजे पुढच्या भेटीत फरक मोजता येईल. पुढे त्या जागी मुंग्या येऊ लागल्या, मग खाज, मग मिशा फुटल्यासारखी एक विचित्र टोचणी. मी घाबरले, तर ते म्हणाले की नस जागी होत असल्याचे हे लक्षण आहे. काही महिन्यांत सगळे पूर्ववत झाले. तेवढ्या काळात ओठ चावला जाऊ नये म्हणून सावकाश जेवावे लागे आणि गरम चहा जपून प्यावा लागे.

दाखवण्याबद्दल विचाराल, तर एमवाय रुग्णालयासमोरच्या शासकीय दंत महाविद्यालयात याच शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग आहे. खर्च खासगीच्या मानाने बराच कमी येतो. थांबण्याची तयारी ठेवावी आणि सकाळी लवकर जावे. सीबीसीटी शहरातील खासगी केंद्रांत होते. तिची सीडी किंवा फाइल मागून घ्या, नुसती छापील पाने आणू नका, कारण सर्जनना ती पडद्यावर फिरवून पाहायची असते.

आणखी एक, खास आपल्या गावासाठी. टाके असेपर्यंत शेव वर्ज्य. आपल्याकडे पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, तिच्यावाचून कशाला चव म्हणून येत नाही. पण तिचे बारीक तुकडे खळग्यात जाऊन बसतात आणि मग निघता निघत नाहीत. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, गार ताक यांवर दिवस काढावेत.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. ओठाची हालचाल आणि ओठाची संवेदना या दोन वेगळ्या नसांवर अवलंबून आहेत हे मला ठाऊक नव्हते; भीती गेली नाही, पण तिला आकार आला.

सीबीसीटी झाली. नस उजव्या दाढेच्या मुळाला जिभेच्या बाजूने लागून जाते आणि त्या जागी मध्ये हाड दिसत नाही. दाढेला कीड नाही. सर्जननी कोरोनेक्टॉमी आणि त्याच वेळी वरची उजवी दाढ काढणे असे ठरवले आहे. डावी बाजू तशीच ठेवायची आहे. काम करताना मुळे सैल झाली तर पूर्ण दाढ काढावी लागेल, हे त्यांनी चित्र काढून समजावले आणि मी त्याला होकार दिला आहे. बासरीविषयी त्यांनी "निदान दोन आठवडे नको" इतकेच सांगितले. हे वरच्या दाढेमुळे की खालच्या, आणि तोवर रियाज अजिबात बंद ठेवावा का, हे कर्तरी यांनी सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद: कर्तरी

दोन्हींमुळे, पण कारणे वेगळी आहेत. खालच्या खळग्यात रक्ताची गुठळी बनते आणि तिच्या आधाराने जखम भरते. पहिल्या काही दिवसांत जोराने थुंकणे, स्ट्रॉने ओढून पिणे, धूम्रपान यांनी ती निघून गेली तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानाकडे जाणारी तीव्र कळ सुरू होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. असे झाल्यास घरी सोसत बसू नये, खळगा धुऊन औषधी पट्टी ठेवल्यावर आराम पडतो. कोरोनेक्टॉमीत हिरडी शिवलेली असल्यामुळे तेथे टाक्यांवरचा ताणही टाळायचा असतो.

वरच्या दाढेची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील, नाकाशी जोडलेल्या पोकळीच्या (सायनसच्या) तळाशी जवळ असतात. दाढ निघाल्यावर तेथे एखादे छिद्र राहिलेच, तर तोंडात किंवा नाकात दाब वाढवल्याने ते मोठे होते. म्हणून फुंकवाद्य बंद, फुगा फुगवणे बंद, नाक जोराने शिंकरणे बंद, आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी. पाणी पिताना ते नाकात येते आहे असे वाटले तर त्याच दिवशी सर्जनना कळवा.

दोन आठवड्यांनी त्यांनी जखम पाहून परवानगी दिली की आधी मधल्या सप्तकातील लांब, हलके स्वर थोडा वेळ वाजवा. तार सप्तक आणि जोराची फुंक त्यानंतर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि जबडा आठवडाभर आखडलेला राहू शकतो, त्यामुळे त्या काळात ओठ वेगळा वाटला तरी लगेच अर्थ लावू नका. बोटांचा रियाज बासरी ओठाला न लावता पहिल्या दिवसापासून करता येईल. आणि शस्त्रक्रियेआधीच खालच्या ओठाच्या दोन्ही बाजूंची संवेदना तपासून नोंद करून ठेवा असे सर्जनना सांगा. नंतर तुलना करायला तीच उपयोगी पडते.