ट्रेंचर (चारी खोदायचं मशिन) तापला की चेन बसते. पंप गेलाय का?

प्रश्न: डिझेल इंजिन, गिअर पंप, चेन हायड्रोलिक मोटरवर. ठिबकच्या मेन लाइनसाठी मुरमात चारी काढतोय. सकाळी झकास चालतो, तासाभराने चेन मंदावते, कडक थर लागला की थांबते. ऑइल लेव्हल बरोबर आहे, फिल्टर नवा. मेकॅनिक पंप बदला म्हणतो. आधी काय बघावं?

उत्तर १: पंप लगेच खोलू नका. चेन दबते तेव्हा आरपीएमही पडतो का? पडत असेल तर दोष बहुधा इंजिनाकडे, किंवा चेनचे दात झिजल्यामुळे लोड जास्त येतोय. काळा धूर असेल तर एअर फिल्टर बघा. धूर नसताना ताकद जात असेल तर डिझेल कमी पोचतंय: टाकीचं झाकण सैल करून बघा, फरक पडला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तरी नाही तर डिझेल फिल्टर आणि वॉटर सेपरेटर. फिल्टर बदलल्यावर एअर काढायला विसरू नका, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारायचा.

प्रश्नकर्ता: आरपीएम जागेवर राहतो, दादा. धूर नाही.

उत्तर २: मग हायड्रोलिकच. ऑइल तापून पातळ झालं की झिजलेल्या पार्टमधून आतल्या आत गळतं, म्हणून थंड असताना कळत नाही. कूलरच्या जाळीतली माती आधी काढा, हवा आतून बाहेर मारा. उन्हाळ्यात ४६ ऐवजी ६८ ग्रेडचं (जास्त घट्ट) ऑइल चालेल का ते मॅन्युअलात बघा.

नंतर पंपाच्या प्रेशर लाइनला ४०० बारचं गेज लावून गरम मशिनवर चेन दबताना वाचा. काटा रिलीफ वॉल्व्हच्या (जादा प्रेशर सोडून देणारा वॉल्व्ह) सेटिंगपर्यंत गेला तर पंप ठीक, लोड जास्त आहे: दात आणि चेनचा ताण बघा. काटा वर चढतच नसेल तर रिलीफ वॉल्व्ह काढून धुवा, सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी प्रेशर सुटतं. प्रेशर न बघता रिलीफचा स्क्रू आवळू नका, होज फुटेल.

त्यानंतर मोटर. केस ड्रेन (मोटरच्या आत गळलेलं ऑइल टाकीत परत नेणारी लाइन) असेल तर त्याचा पाइप बादलीत सोडून मिनिटाला किती ऑइल येतं ते मोजा, मॅन्युअलपेक्षा जास्त असेल तर मोटर झिजली. ड्रेन कधीच बंद करू नका, शाफ्टचं सील उडतं.

उत्तर ३: टाकीत फेस किंवा पंपाचा किरकिर आवाज असेल तर सक्शनमधून (टाकीतून पंपाकडे ऑइल ओढणारी लाइन) हवा येतेय. चालू पंपाच्या सक्शन जोडांवर घट्ट ग्रीस लावा, आवाज बदलला की गळती तिथेच. क्लॅम्प बदला, सक्शन गाळणी धुवा, जुना होज तापल्यावर आत चपटा होतो तोही बघा.

गळती शोधताना हात फिरवू नका. बारीक छिद्रातलं ऑइल कातडीत शिरतं, पुठ्ठा धरून बघा. जोड खोलण्यापूर्वी बूम (चेनचा दांडा) जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर हलवून प्रेशर मोकळं.