सीसीआरएनची तयारी: हिमोडायनॅमिक्स डोक्यात शिरत नाही, आणि तासांचा पण घोळ आहे

डिचोलीची_सिस्टर
नमस्कार. मी चार वर्षं गल्फात कार्डिॲक आयसीयूत होते, हॉस्पिटल जेसीआयवालं (म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं), एनक्लेक्स (अमेरिकेची नर्सिंग लायसन्सची परीक्षा) तिथे असतानाच दिली आणि अमेरिकेचं आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स हातात आहे. फेब्रुवारीत आईचं ऑपरेशन निघालं म्हणून सोडून घरी आले, १० तारखेला शेवटची ड्युटी केली. आता इथेच एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत लागलेय पण त्याला जेसीआय वगैरे काही नाही.

सीसीआरएन (अमेरिकेची क्रिटिकल केअर नर्सिंगची सर्टिफिकेट परीक्षा, फॉर्म भरायला आयसीयूतल्या कामाचे ठराविक तास लागतात) द्यायचीच असं ठरवलंय. अभ्यास कधी, तर नाईट करून आले की दोन तास झोप, मग आईचं जेवण-औषधं, मग पुस्तक. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूला सीव्हीपी, वेज, एसव्हीआर असे हिमोडायनॅमिक्सचे (रक्ताभिसरणाचे) सगळे नॉर्मल आकडे लिहून फ्रिजला लावलेत, आई विचारते हा कसला हिशोब गो. आकडे पाठ आहेत पण प्रश्न आला की गोंधळ, तीन आकडे दिले आणि कुठला शॉक (म्हणजे रक्ताभिसरण कशामुळे कोसळलंय) विचारला की मी अंदाजाने मारते. दुसरं म्हणजे ते एथिक्स आणि केअरिंगचे प्रश्न, वाटतं सोपे आहेत आणि तेच जास्त चुकतात. प्रॅक्टिस टेस्टला ५८ टक्क्यांच्या वर जातच नाहीये.

आणि इथले तास धरतात का? ऑगस्ट उजाडला, चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर निवांत फॉर्म भरू म्हणते.

रातपाळी
ताई, अभ्यास राहू दे बाजूला, आधी फॉर्म भर. चवथीची वाट बघू नको.

तास अमेरिका-कॅनडातल्या हॉस्पिटलचे धरतात, बाहेरचं असेल तर जेसीआय किंवा मॅग्नेट (चांगल्या नर्सिंगसाठीची अमेरिकन मान्यता) पाहिजे. म्हणजे तुझे इथले तास शून्य, मीटर १० फेब्रुवारीलाच बंद पडलाय. नियम असा की मागच्या २ वर्षांत १७५० तास आणि त्यातले ८७५ अगदी अलीकडच्या वर्षात, आणि हे वर्ष फॉर्म भरायच्या दिवसापासून मागे मोजायचं. महिन्याला १२ तासांच्या १५ ड्युट्या धरल्या तर १८० तास. आज भरलास तर मागच्या ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंतचे सहा महिने मिळतात, हजारच्या वर जातेस. पण जेवढे दिवस थांबशील तेवढे दिवस मागून गळत जाणार, सप्टेंबरचा मध्य उलटला की ८७५ हुकलेच म्हण. मध्ये सुट्टी घेतली असशील तर त्याच्याही आधी.

तरी घाबरू नको, ५ वर्षांचा पण एक मार्ग आहे, २००० तास आणि अलीकडच्या वर्षात फक्त १४४. १४४ म्हणजे तुझ्या १२ ड्युट्या. तो दरवाजा साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत उघडा आहे, त्यानंतर तोही बंद आणि परत गल्फ नाहीतर अमेरिका गाठल्याशिवाय काही नाही. तास खरे आहेत हे सांगणारं माणूस पण द्यावं लागतं फॉर्ममध्ये, तेव्हा तिथल्या इन्चार्जला आत्ताच मेसेज टाकून ठेव, माणसं नोकऱ्या बदलतात आणि मग नंबर लागत नाहीत. फॉर्म पास झाला की परीक्षेला ९० दिवस मिळतात, तेवढ्यात अभ्यास होतो.

कुळागरवाला
मी मेल नर्स, फोंड्याकडचा, सध्या अमेरिकेत. दोन वर्षांपूर्वी पास झालो, दुसऱ्या खेपेला.

आकडे पाठ करून काही होत नाही, पाणी बघ. आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) विहीर, पंप आणि पाईप, बस्स. विहिरीत किती पाणी येतंय तो तुझा सीव्हीपी. पंप म्हणजे हृदय, ते किती रक्त पुढे ढकलतंय ते कार्डिॲक आउटपुट. पाईप म्हणजे रक्तवाहिन्या, त्या किती आवळल्यात तो एसव्हीआर. वेज प्रेशर म्हणजे पंपाच्या तोंडाशी किती पाणी तुंबलंय ते. आता हायपोवोलेमिक शॉकमध्ये विहीरच आटली, सीव्हीपी कमी, वेज कमी, शरीर घाबरून पाईप आवळतं म्हणून एसव्हीआर जास्त. कार्डिओजेनिकमध्ये विहीर भरलेली पण पंप मेला, पाणी मागे तुंबतं म्हणून वेज जास्त, पुढे आउटपुट कमी, पाईप आवळलेला. सेप्टिकमध्ये (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) सुरुवातीला पंप जोरात चालतोय पण पाईप सगळीकडे ढिला पडलाय, एसव्हीआर कमी आणि आउटपुट जास्त. प्रश्नात आधी एसव्हीआर बघायचा, कमी असेल तर सेप्सिस, ॲनाफिलॅक्सिस (तीव्र ॲलर्जी), न्यूरोजेनिक (मणक्याला मार वगैरे) यातलंच काहीतरी. जास्त असेल तर वेज बघ, तुंबलंय की आटलंय. दोन आकड्यांत निकाल लागतो.

मी पहिल्यांदा कुठे पडलो सांगतो. इन्फिरियर एमआय (हृदयाच्या खालच्या बाजूचा हार्ट अटॅक), बीपी ८४/५०, मानेच्या शिरा फुगलेल्या, छाती क्लिअर. मी छातीत दुखतंय म्हणून नायट्रोग्लिसरीन मारलं. अशा पेशंटसाठी वॉर्डात मी त्या औषधाला हात लावला नसता, पण परीक्षेत वाचलं आणि बोट गेलं. छाती क्लिअर आहे हाच तर इशारा होता, उजव्या बाजूचा इन्फार्क्ट, त्याला फ्लुइड पाहिजे, नायट्रोने प्रीलोड (हृदयात भरणारं रक्त) आणखी पडतो आणि पेशंट जातो. ईसीजीची उजव्या बाजूची लीड लावून व्ही४आर बघायचा. तेव्हापासून प्रश्नात जे नॉर्मल दिलंय ते मी दोनदा वाचतो.

अजून एक, गल्फात तुमची शुगर मिलिमोलमध्ये असेल. अमेरिकेत मिलिग्रॅममध्ये, १८ ने गुणायचं, १० म्हणजे १८०. पोटॅशियमचा आकडा तोच राहतो. डीकेएमध्ये (डायबेटिसमध्ये रक्तात ॲसिड वाढतं ते) पोटॅशियम ३.५ च्या खाली (जुन्या पुस्तकांत ३.३) असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम, हे येतंच येतं.

म्हापसेकर७७
एक विचारू का, एवढा खटाटोप कशाला? आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा आहे, दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा एमएस्सी पण आहे. सीसीआरएन तीन वर्षांनी परत रिन्यू करत बसा, आणि इथे बेडसाईडला त्या बिल्ल्याला कोण विचारतो.

डिचोलीची_सिस्टर
@म्हापसेकर७७ दादा, आईचं बरं झालं की मला परत जायचंय, आणि एक वर्ष पगार सोडून वर्गात बसणं मला परवडणार नाही. इथेच राहायचं असतं तर तुमचं बरोबर होतं.

@रातपाळी तुमचं वाचून हातपाय गार पडले. आजच लॅपटॉप उघडते.

इन्चार्ज_रिटायर्ड
एथिक्सचं मी सांगते बाळा. १२५ मोजायच्या प्रश्नांत २० टक्के म्हणजे २५ प्रश्न त्याचे (१५० मधले बाकीचे २५ मोजतच नाहीत, कुठले ते कळत नाही), ते सोडायचे नाहीत. तू चुकतेस कारण तू आपल्या वॉर्डातलं उत्तर देतेस. आपल्याकडे सीपीआर चालू झाला की आपण पहिलं काय करतो, नातेवाईकांना बाहेर काढतो आणि पडदा ओढतो. परीक्षेत घरच्याला थांबायचं असेल तर थांबू द्यायचं, आणि त्याच्याजवळ समजावून सांगायला एक माणूस उभं करायचं. आपल्याकडे मुलगा म्हणतो बाबांना कॅन्सर सांगू नका आणि आपण गप्प बसतो. तिथे पेशंट शुद्धीवर आहे ना, मग आधी त्यालाच विचारायचं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. डॉक्टरची ऑर्डर पटत नसेल तर तिथे नर्सने बोलायचं असतं, चार्टवर लिहून गप्प राहिलेली नर्स परीक्षेत नापास.

जो पर्याय पेशंटचं आधी ऐकून घेतो तो बहुतेक वेळा बरोबर. “धीर द्या” आणि “डॉक्टरला कळवा” हे दोन पर्याय दिसले की सावध हो, तुझ्या हातात आधी करण्यासारखं काही आहे का बघ. पेशंट कोसळत असेल तर अर्थात गोष्ट वेगळी.

डिचोलीची_सिस्टर
फॉर्म गेला! जुन्या इन्चार्जने अर्ध्या तासात रिप्लाय दिला, देव बरें करूं सगळ्यांचं. विहीर-पंप-पाईप कालनिर्णयवर काढलंय, आईला समजावलं तर ती म्हणाली मग माझा पंप कसा आहे ते सांग.

काल टेस्टला ६७ आले. एक मात्र चुकलं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या उशाखाली घरच्यांना देवाचा अंगारा ठेवायचाय, नर्सने काय करावं. मी इन्फेक्शन कंट्रोल म्हणून नको म्हटलं.

इन्चार्ज_रिटायर्ड
पुडीत बांधून, झिपच्या पिशवीत घालून ठेवायचा गो. लाईनच्या आणि ट्यूबच्या जवळ नाही एवढंच बघायचं. हे तर आम्ही परीक्षा न देताच करत आलो.