पाण्याच्या सेलमध्ये अनुनाद दिसतो, पण वायू का वाढत नाही?

फेराइट (प्रश्न)

स्टॅन्ली मेयर या अमेरिकी संशोधकाच्या ‘वॉटर फ्युएल सेल’च्या (उच्च व्होल्टेजने पाणी तोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र वायू देणारी नळ्यांची मांडणी) धर्तीवर गेले चार महिने मी घरी एक मांडणी करून पाहत आहे. स्टेनलेस स्टीलच्या दोन नळ्या एकात एक बसवल्या आहेत. आतल्या नळीचा बाहेरचा व्यास 12.7 मिमी, बाहेरच्या नळीचा आतला व्यास 15.7 मिमी आणि लांबी 100 मिमी आहे. मधल्या फटीत नळाचे पाणी आहे, ज्याला टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर 250 पीपीएम दाखवतो. 12 व्होल्टवर मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवलेला फेराइट गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, पुढे डायोड आणि 100 मिलिहेन्रीचा चोक (तारेचे वेटोळे) अशी जोडणी आहे.

पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 80 धरला, तर नळ्यांची धारिता (कपॅसिटन्स) 2.1 नॅनोफॅरड येते आणि चोकसोबत तिचा अनुनाद (रेझोनन्स) 11 किलोहर्ट्झच्या आसपास मिळायला हवा. प्रत्यक्षात शिखर 35 किलोहर्ट्झजवळ मिळते. तेथे डायोडच्या आधी ऑसिलोस्कोपवर 1,100 व्होल्ट दिसतात, परंतु पुरवठ्यातून 1 अँपिअर घेऊनही पाच मिनिटांत जेमतेम 3 मिलिलिटर वायू जमतो. मल्टिमीटर सेलचा रोध 40 किलोओहम दाखवतो, म्हणजे गळतीही नाही. चोक नव्याने गुंडाळावा, की वारंवारता धरून ठेवण्यासाठी पीएलएल (फेज-लॉक्ड लूप) लावावा?

ओहमकार

दोन्ही करू नये, असे माझे मत आहे. आपले गणित बरोबर आहे, पण त्यात पाण्याची वाहकता धरलेलीच नाही. टीडीएस 250 म्हणजे साधारण 500 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. आपल्याच मापांवरून हिशेब केला, तर फटीतल्या पाण्याचा रोध सुमारे 7 ओहम येतो. 11 किलोहर्ट्झला 2.1 नॅनोफॅरडचा प्रतिरोध (रिअॅक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) 7 किलोओहमच्या घरात असतो. म्हणजे आपण ज्याला कपॅसिटर समजत आहात, त्याला समांतर त्याच्या हजाराव्या भागाइतका रोध जोडलेला आहे, आणि अशा जोडणीत अनुनाद उभाच राहू शकत नाही. पाणी ‘कपॅसिटर’सारखे वागू लागते ते या वाहकतेला 11 मेगाहर्ट्झच्या पुढे.

मल्टिमीटरच्या 40 किलोओहमवर विश्वास ठेवू नये. एकदिश प्रवाहाने मोजताना इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर ध्रुवण होते (विरुद्ध प्रभार साचतात) आणि विघटन सुरू होण्याइतका विद्युतदाब मिळेपर्यंत जवळजवळ काहीच वाहत नाही. मीटर त्यालाच रोध समजतो. बदलत्या प्रवाहाने मोजणाऱ्या एलसीआर मीटरने 1 किलोहर्ट्झला मोजून पाहावे.

मग 35 किलोहर्ट्झचे शिखर कोणाचे? बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याचे. हजारभर वेढ्यांच्या थरांमध्ये 200 पिकोफॅरडच्या आसपास स्वतःची धारिता सहज साठते, आणि वेटोळे 100 मिलिहेन्रीचे असेल तर नेमका हाच आकडा येतो. पडताळा सोपा आहे: सेलच्या दोन टोकांना जाड तारेने शॉर्ट करावे. शिखर जागचे हलले नाही, तर सेलचा त्याच्याशी काही संबंध नाही. सेलवरचा व्होल्टेज पाहताना दोन प्रोब लावून त्यांतला फरक घ्यावा, कारण स्कोपची जमिनीची चिमटी भलत्या टोकाला लागली तर तीच शॉर्ट करते.

विद्युतरसायन

वायूच्या बाजूने पाहिले तरी निष्कर्ष तोच निघतो. फॅरडेच्या नियमानुसार एका सेलमधून 1 अँपिअर तासभर वाहिला, तर 25 अंशाला सुमारे 685 मिलिलिटर मिश्र वायू मिळतो. आपल्या पाच मिनिटांतल्या 3 मिलिलिटरला सरासरी 53 मिलिअँपिअर पुरतात. दुसरीकडे 35 किलोहर्ट्झला चोकचा प्रतिरोध 22 किलोओहम आहे, म्हणून 1,100 व्होल्टच्या अर्ध्या लहरींतून सरासरी 50 मिलिअँपिअर निघतात. हा मेळ मला फार आवडला: 1,100 व्होल्ट चोकवर पडतात आणि सेलला साधे दोन-तीन व्होल्ट मिळतात.

ऊर्जेचा हिशेब मात्र कटू आहे. एक लिटर मिश्र वायूत जास्तीत जास्त 7.8 किलोज्यूल साठते. आपण मिनिटाला 720 ज्यूल देऊन पाचपेक्षाही कमी ज्यूल परत मिळवत आहात. उरलेली ऊर्जा गाभ्यात आणि मॉसफेटमध्ये तापत आहे. उच्च विद्युतक्षेत्राने रेणू ‘ओढून’ तोडायचा, हा मेयर यांचा दावा होता. पूर्ण 1,100 व्होल्ट सेलवर पडले तरी 1.5 मिमी फटीत क्षेत्र मीटरला साडेसात लाख व्होल्टच्या आसपासच राहते, आणि रेणू ओढून तोडायला अब्जावधी व्होल्ट प्रति मीटर लागतात. ओहायोच्या न्यायालयाने 1996 मध्ये मेयर यांच्या सेलचे वर्णन नेहमीचे विद्युतविघटन असेच स्वीकारले आणि दोन गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत करण्याचा आदेश दिला. त्यांचा 1998 मधला मृत्यू विषप्रयोगाने झाला असे अजूनही सांगितले जाते, पण शवविच्छेदनात मेंदूतील धमनीविस्फार आढळला होता.

फेराइट

काल शॉर्ट करून पाहिले. शिखर 35 किलोहर्ट्झवरच राहिले, उंचीतही डोळ्याला दिसेल असा फरक पडला नाही. सेलवर थेट मोजले तर 2.4 व्होल्ट. चार महिने मी ट्रान्सफॉर्मरचेच निरीक्षण करत होतो, हे मान्य करतो. डिस्टिल्ड पाणी घेतले तर? आणि पाण्याला पिवळसर छटा येऊन तळाशी तपकिरी गाळ बसला आहे, तो काय असावा?

विद्युतरसायन

डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून 1 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या घरात येते. तेव्हाही आपल्या नळ्यांचा रोध साडेतीन किलोओहमच राहतो, म्हणजे 11 किलोहर्ट्झच्या प्रतिरोधाच्या निम्मा. शिवाय जे पाणी वाहत नाही ते वायूही देत नाही.

गाळ लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा असणार. पिवळी छटा अधिक गंभीर आहे: धनाग्रावर स्टेनलेस स्टीलमधले क्रोमियम षट्संयुजी रूपात (क्रोमियम-6) विरघळते आणि ते विषारी, कर्करोगकारक असते. हातमोजे वापरावेत, ते पाणी मोरीत ओतू नये, झाकणाच्या बाटलीत नाव लिहून ठेवावे. पुढे प्रयोग करायचाच असेल, तर निकेलचे पत्रे, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि दोन-अडीच व्होल्टचा साधा पुरवठा घ्यावा. मिश्र वायू साठवू नये, आणि हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर त्याच टेबलावर ठेवू नये. हायड्रोजन पेटायला 0.02 मिलिज्यूलची ठिणगी पुरते.