कातळाच्या फटीतला इवलासा ताड: हे कोणतं नेचं?

बोरिवलीची माई
रविवारी नातीला घेऊन राष्ट्रीय उद्यानात गेले होते, कान्हेरीच्या बाजूला. (नेमकी जागा लिहिली होती, ती पुसली. का ते खाली वाचा.) उभ्या कातळात, बोटही शिरणार नाही अशा भेगेत हे नेचं. थेट ताडाचं पिल्लू! उंची वीतभरही नाही, काडीसारखा देठ, टोकाला पंखा. पंख्याच्या पट्ट्यांना दोन-दोन फाटे फुटत गेलेले. मे महिन्यात त्याच भेगेत वाळक्या मुठी पाहिल्या होत्या, वाटलं मेलं. आता हिरवंगार! दुर्मीळ आहे का? खरं सांगते, कुंडीत लावायला एक रोप उचलणार होते. पिशवीत चमचा होता.

कातळवेडा
माई, चमचा पिशवीतच राहिला ते बरं झालं! ही मयूरशिखा, ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. खात्रीसाठी पान न तोडता मोबाइल खालून धरा. पट्टीच्या कडा आत दुमडलेल्या आणि त्याखाली तपकिरी रेघ दिसली तर ते बीजाणू. उन्हाळ्यात मूठ वळते, पावसात उघडते. देशात बऱ्याच ठिकाणी आहे, तेव्हा दुर्मीळ नको म्हणूया. पण औषधासाठी लोक उपटून नेतात, म्हणून जागा इथे लिहू नका. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदी टाकायचं ॲप) फोटो टाकलात तर तिथेही ठिकाण झाकून टाका.

धोबीतलाव
झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला, फोटो दाखवा. मुंबईच्या नेच्यांवर ब्लॅटर आणि डिआल्मेडा यांचं पुस्तक १९२२ सालचं आहे, म्हणजे आपल्याकडे ही ओढ जुनीच. आणि उद्यानातून रोप आणणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, चमच्याने आणलं तरी.

गिरगावची चाळ
आमच्या चाळीच्या मागच्या दगडी भिंतीवर हंसराज (तेही नेचंच) होता. रंगकाम करणाऱ्यांनी तारेच्या ब्रशने शेवाळासकट खरवडला. मी ओरडले तर म्हणे, "ताई, घाण साफ करतोय." नेच्याचं बाळपण म्हणजे नखाहून लहान हिरवी चकती, शेवाळातच लपलेली. पाण्याचा पातळ थर असेल तरच तिच्यावर फलन होतं आणि नवं नेचं उगवतं. भिंत घासली की आई गेली, पोरंही गेली. दोन पावसाळे झाले, भिंत कोरी आहे.

बोरिवलीची माई
सोमवारी उद्यान बंद, म्हणून आज मंगळवारी पुन्हा गेले. गुडघे कुरकुरले, पण खालून फोटो निघाला. तपकिरी रेघ आहे! नात विचारतेय, मुठी परत कधी वळणार. मेमध्ये दाखवीन म्हटलं. चमच्याने श्रीखंड खाल्लं.