टीबी झालेला नसताना टीबीच्या गोळ्या : कोर्स पुरा व्हावा म्हणून कुणी समोर बसायला हवं का?

रोहिणी
मागच्या वर्षी आमच्या दिरांना फुफ्फुसाचा टीबी निघाला, थुंकी पॉझिटिव्ह. घरातल्या बाकी चौघांचे एक्स-रे स्वच्छ आले. तरी केंद्रातून प्रत्येकाच्या हातात आयसोनियाझिडच्या गोळ्या पडल्या, रोज एक, सहा महिने. जंतू अंगात झोपलेले असू शकतात, ते उठू नयेत म्हणून.

कोर्स पुरा केला एकट्या सासऱ्यांनी. सासूबाई त्यांची बीपीची गोळी आणि ही गोळी एका वाटीत काढून रोज सकाळी समोर ठेवायच्या, गिळली की कालनिर्णयवर पेनाने फुली. मी दुसऱ्या महिन्यात सोडल्या. मळमळायचं, आणि कुणी विचारायला आलं नाही. नवऱ्याने त्याच्याही आधी सोडल्या. सासूबाईंनी सासऱ्यांची वाटी रोज भरली, स्वतःची राहून गेली.

२०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून एकदा घ्यायचा १२ डोसांचा कोर्सही आहे, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचा. माझं मत आहे की ज्यांना चालतो त्या सगळ्यांना तोच द्यावा, आणि प्रत्येक डोस आशाताईंच्या समोर घ्यायला लावावा. बाराच तर खेपा आहेत.

चाळकरी
साफ विरोध. आमच्या चाळीत आशाताई एका दारात लागोपाठ तीन आठवडे आल्या की चौथ्या आठवड्यात अख्ख्या मजल्याला कळतं. माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा आईने त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं होतं. घरात टीबी होता एवढं कळलं तरी स्थळं मागे फिरतात. धडधाकट माणसाने गोळी गिळताना कुणीतरी तोंडाकडे बघत बसायचं, हा अविश्वास आहे. गोळ्या द्या, नीट समजावा, आणि माणसावर सोडा.

सिस्टर
क्षयरोगाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. चाळकरी, माणसावर सोडून काय होतं तेही मोजलेलं आहे. याच १२ डोसांच्या कोर्सवर अमेरिका, स्पेन, हाँगकाँग आणि दक्षिण आफ्रिकेत सुमारे १,००० लोकांची चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. समोर बसून डोस दिलेल्यांत ८७ टक्क्यांनी कोर्स पुरा केला, स्वतःहून घेणाऱ्यांत ७४ टक्क्यांनी. मोबाइलवर आठवणीचे मेसेज पाठवले त्यांच्यात ७६. मेसेजने जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

चाळकरी
म्हणजे कुणीही न बघता चारातले तीन जण पुरा करतातच ना? मग उरलेल्या एकासाठी चौघांच्या दारात जायचं कशाला? तो एक का सोडतो, ते विचारा.

सिस्टर
हे मान्य. बहुतेक जण भीतीने सोडतात. रिफापेंटिनने लघवी केशरी होते. आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त समजतो आणि पाकीट फेकून देतो. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बायकांना सांगायचं राहूनच जातं. आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या आल्या तर बी-६ ची गोळी असते. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांकडे यायचं. एवढं पहिल्या भेटीत बसून सांगितलं की निम्मी लढाई तिथेच होते.

माळरान
मूळ प्रश्न पोटाचा आहे. झारखंडमधल्या चाचणीत रुग्णाच्या घरच्या मंडळींना दरमहा तांदूळ आणि तूरडाळ दिली, तर त्यांच्यातले नवे टीबी जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाले. सुप्त जंतू असलेल्या शंभरांतल्या पाचदहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्या नव्वदांनी महिनोन्‌महिने गोळ्या का खायच्या? धान्य द्या.

सिस्टर
धान्य द्यायलाच हवं. पण ते पाचदहा कोण, हे आधी ओळखता येत नाही. धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तर फारच. त्या मुलांमध्ये टीबी मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मी ती पोरं पाहिली आहेत. त्यांच्यासाठी डाळ पिकायची वाट बघायला मी तयार नाही.

रोहिणी
सगळं वाचून माझी मागणी बदलते. समोर कुणीतरी हवंच, ते मी सोडत नाही. पण कोण, हे घेणाऱ्याने ठरवावं. आमच्याकडे सासूबाई होत्या, कुणाकडे दुकानातला सोबती असेल. आशाताईंनी दारात न येता आठवड्याला एक फोन करावा आणि तब्येत विचारावी. आणि वाटी भरणाऱ्या बाईची गोळी कोण बघणार, हे पाकीट देतानाच ठरवून लिहून घ्यावं.

चाळकरी
यावर माझं भांडण नाही. फक्त फोन नंबर घेताना एक विचारा, तो फोन कुणाच्या खिशात असतो? आमच्या मजल्यावर निम्म्या बायकांचा नंबर म्हणजे नवऱ्याचा नंबर. दिवसा फोन केला तर तो त्याच्या कारखान्यात वाजतो.