गाणाऱ्याचा रोल गाणाऱ्यालाच द्यावा का? आमच्या मामाचं म्हणणं

पार्कचौकवाला:
मंडळी, जानेवारी 2025 ला ऐन गड्ड्याच्या (आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या) दिवसात मामाला घेऊन 'संगीत मानापमान' बघायला गेलतो. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतो, 40 वर्षं झाली. सेट भारी, कपडे भारी, शंकर-एहसान-लॉयची गाणी पण कानाला गोड, पण एका गाण्याला मामा हळूच म्हणाला, "ह्यो श्वास कुठं घ्यालाय रे?" झालं, मग मला पण तेवढंच दिसाय लागलं. तान चाललीय आणि गळ्याची शीर काय ताणंना, चेहरा आपला पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा.

याच्या उलट 'मी वसंतराव' (2022). राहुल देशपांडेनं स्वतःच्या आजोबांचा रोल केलाय आणि गातोय पण स्वतःच. अ‍ॅक्टिंग मधेमधे कच्ची वाटते, खोटं कशाला बोलू. पण सूर लागायच्या आधी भुवई वर जाते, मान जरा तिरकी होते, हात पुढं येतो आणि मग आवाज येतो, ते शिकवून येत नाही. त्यातल्या गाण्याला त्याला नॅशनल अवॉर्ड पण आहे. तर मग गायकालाच घ्यावं का नाही?

कडकभाकरी:
मामांना नमस्कार सांगा, पण पटलं नाही. 2011 चा 'बालगंधर्व' आठवा की, चेहरा सुबोध भावेचा, गळा आनंद भाटेंचा. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये दिसतो सचिन आणि गातो तुमचा राहुलच. तिथं मामांचा श्वास अडकला नाही होय? आणि आपला अतुल कुलकर्णी, गाववाला म्हणून बोलत नाही, पण तो कुठं गायक आहे? नटरंगमध्ये पैलवान गडी नाच्या होतो तेव्हा त्याचे खांदे कसे उतरतात बघा, तिथंच अर्धा पिक्चर कळतो. असं गाणारेच घेत बसले तर नटांनी काय चादरी विकायच्या का?

मोडनिंबची_ढोलकी:
तुमचं सगळं गळ्यावरच चाललंय राव. आमचं घर मोडनिंबला, लावणीच्या कला केंद्राच्या जवळ, लहानपणी ढोलकी ऐकतच झोपायचो. आता पिक्चरात लावणी म्हणलं की मागं 30 पोरी, कॅमेरा गरगर, एक अदा डोळ्यात भरंपर्यंत कट. चंद्रमुखीतलं 'चंद्रा' वरातीत वाजतं, वाजू दे, पण मला त्यातलं आर्या आंबेकरचं 'बाई गं' आवडतं. बैठकीची लावणी आहे ती. एकच ओळ परत परत येते आणि दर वेळी अर्थ वेगळा, एकदा नुसत्या डोळ्यानं, एकदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत. खरी बारी, म्हणजे समोर बसून लावणीचा कार्यक्रम, बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतं.
आणि ढोलकीवाल्याची बोटं बघा कधी. घुमारा, म्हणजे घुमणारा जाड आवाज, ऐकू येतो डाव्या पुडीचा आणि पडद्यावर हात उजव्या पुडीच्या शाईवर. लावणीकार शाहीर राम जोशींच्या सोलापुरात बसून हे बघायचं म्हणजे लई डोकं फिरतंय.

सातरस्ता_77:
'द डिसायपल' बघितला का कुणी? नेटफ्लिक्सवर आहे. आदित्य मोडक खरा शास्त्रीय गायक, आणि रोल कुणाचा, तर आयुष्यभर घासूनही ज्याचं गाणं वर जात नाही त्याचा. चांगल्या गळ्याच्या माणसानं थोडंसंच कमी गाऊन दाखवायचं, लई अवघड काम आहे ते, बेसूर गाणं सोपं असतं. पिक्चर मात्र संथ आहे, जेवून बसू नका, झोप लागंल.

पार्कचौकवाला:
कडकभाकरी, मामाला बालगंधर्वचं विचारलं. म्हणाला, "त्यात श्वास बरोबर जागी होता." म्हणजे गायक पाहिजेच असं पण नाही म्हणालाय, काय की. मी उगंच धागा काढला 😂
ढोलकीवाले, तुमचं पण वाचून दाखवलं, तेव्हापासनं 'बाई गं' लावून बसलाय, चौथ्यांदा चाललंय, मामी ताट वाढून दोनदा हाका मारून गेली. डिसायपल रविवारी लावतो, कशावर आहे ते त्याला आधी सांगत नाही.